अलिबाग हा शब्द आहे काय?

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांची गावनिहाय सूची संगणकावर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. गावाच्या रकान्यात केवळ अक्षरेच यावीत, म्हणून मी पायथन या आज्ञावलीच्या भाषेत एक छोटी चाळणी लिहिली. प्रथम ‘उरण’ घातले. ते स्वीकारले गेले. नंतर ‘अलिबाग’ घातले. ते नाकारले गेले. पेण, रोहा, मुरूड, श्रीवर्धन यांचीही तीच गत झाली.

याचे कारण मोठे उद्बोधक आहे. अक्षर कशास म्हणावे हे कोणतीही आज्ञावली स्वतः ठरवीत नाही. ती भाषेबरोबर येणाऱ्या तयार लायब्ररीला विचारते आणि लायब्ररी युनिकोडच्या कोष्टकात पाहते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रमाणात देवनागरीसाठी १२८ जागांचा गट राखलेला आहे. त्याची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतली आहे. कोष्टकात प्रत्येक वर्णाचा वर्ग नोंदलेला असतो. अ, क, ण हे ‘अक्षर’ वर्गात येतात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह हे ‘चिन्ह’ वर्गात. पायथनची तपासणी केवळ पहिला वर्ग मानते. ‘उरण’मध्ये तीन अक्षरे आहेत, चिन्ह एकही नाही. ‘अलिबाग’मध्ये मात्र वेलांटी आणि काना आहे. बाराखडी शिकलेल्या पहिलीतल्या मुलालाही जे विचित्र वाटेल, ते यंत्राला नियमानुसार वाटते.

कोष्टक चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. काना एकटा उभा राहू शकत नाही, हे खरेच आहे. चुकला तो आपला प्रश्न. युनिकोडमध्ये ‘वर्णमालेतील’ असा आणखी एक गुणधर्म आहे. त्यात मात्रा येतात, म्हणून अलिबाग उत्तीर्ण होते. पण पाय मोडण्याचे चिन्ह येत नाही, म्हणून श्रीवर्धन दाराबाहेरच राहते. शब्द ओळखताना वर्णमाला, सर्व चिन्हे, अंक आणि अदृश्य जोडकेही धरावीत, अशी शिफारस युनिकोडच्याच १८ व्या तांत्रिक प्रमाणात आहे. ती पाळली की जोडाक्षर तुटत नाही.

अंकांची कथा तर याहून गमतीची. सी भाषेच्या प्रमाणानुसार अंक म्हणजे केवळ इंग्रजी शून्य ते नऊ. लिनक्सवरील जीएनयूच्या सी लायब्ररीला आपले ० ते ९ कोठेतरी बसवणे भाग होते. तिने ते अक्षरांत घातले!

जागेचाही प्रश्न आहे. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन. ‘श्रीवर्धन’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. यंत्राला ते ९ वर्ण व २७ बाइट आहे. रकाना २० बाइटांचा ठेवला तर नाव मध्येच तुटते आणि शेवटी एक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उरते.

सर्वांत अवघड गेला तो अर्धा र. आपल्या किनाऱ्यावर दर्या आणि दऱ्या यांतील भेद कोणाला सांगावा लागत नाही. यंत्राला मात्र तो ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने सांगावा लागतो. तोच वर्ण ‘र’ खाली नुक्ता देऊनही लिहिता येतो, आणि ‘र’ला हलन्त करून पुढे अदृश्य जोडक ठेवले तरी डोळ्यांना तेच रूप दिसते. त्यामुळे दोन वर्गमित्रांनी दोन कळफलकांवर टंकलेले एकच ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव माझ्या सूचीत दोन व्यक्ती म्हणून आले. पहिली दोन रूपे युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात. तिसरे होत नाही. त्यासाठी मला स्वतंत्र नियम लिहावा लागला.

हे केवळ यंत्राचे कौतुक नव्हे. अर्जाने नाव नाकारले की पालक निमूटपणे ते रोमन लिपीत टाकतात, आणि तेच पुढे दाखल्यापर्यंत जाते. मग ‘ऱ’चा र होतो, ‘ळ’चा ल होतो आणि मुलाला स्वतःच्या नावाचे दोन अवतार सांभाळावे लागतात. माझ्या यादीतही पहिल्या फेरीत अशी काही नावे रोमनमध्ये आली होती. त्या मित्रांना दूरध्वनी करून मी ती पुन्हा देवनागरीत मागवली. या वेळी चाळणीने एकही परत पाठवले नाही.