द्राक्षबागेचे पाहुणे : शंका-समाधान

दारूबंदीच्या जिल्ह्यातून वाइनबद्दल पत्रं यावीत याचं संपादकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. वर्ध्याची मुलं आता जगभर आहेत, आई-वडील त्यांच्याकडे जातात, आणि समृद्धी महामार्गाने नाशिकही जवळ आणलं आहे. बहुतेक पत्रांमधली भीती पिण्याची नाही, तिथे जाऊन वागायचं कसं याची आहे.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. ऑगस्टअखेरीस मुलगा-सून आम्हाला ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर नेणार आहेत. सुनेने तिथल्या एका कुटुंबाच्या छोट्या वायनरीत टेस्टिंग ठरवलं आहे. उभ्या जन्मात आम्ही दारूला हात लावलेला नाही. जावं का? न प्यायल्यास यजमानांचा अपमान होईल का? — हिंगणघाट

जरूर जा, आणि पोचल्याबरोबर सांगून टाका की आम्ही घेत नाही, पण बाग आणि काम बघायचं आहे. कुटुंबाच्या वायनरीत हे वाक्य ऐकून कुणाचं तोंड वाकडं होत नाही. उलट ज्याने वेली छाटल्या तोच माणूस बहुधा तुमच्यासमोर उभा असतो, आणि पेल्यापेक्षा वेलीबद्दल विचारणारा पाहुणा त्याला रोज भेटत नाही.

टेस्टिंग म्हणजे पिणं नव्हे, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. पेल्यात थोडी वाइन ओततात. आधी रंग बघायचा, पेला हलकेच फिरवून वास घ्यायचा, मग छोटा घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. टेबलावर त्यासाठी भांडं असतं, चक्क पिकदाणीच. जाणकार मंडळीही थुंकतात, नाहीतर दुपारपर्यंत त्यांना एका वाइनची दुसरीहून पारख करता येणार नाही. तुम्हाला घोटही नको असेल तर वास घ्या. निम्मी चव नाकातच असते.

मुलगा-सून मात्र पिणार असतील तर त्यांना हा हिशेब दाखवा : 50 मिलीचे पाच पेले झाले की 750 मिलीच्या बाटलीचा एक तृतीयांश पोटात गेला. त्यानंतर गाडी चालवायची नाही. ग्रीसमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलीला 50 मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे 30. टॅक्सी सांगून ठेवावी.

आता बघायचं काय? सँटोरिनीच्या वेली मांडवावर चढवत नाहीत. समुद्राचा वारा इतका बोचरा की वेल जमिनीलगत टोपलीसारखी गोल वळवतात आणि घड त्या टोपलीच्या पोटात वाढतात. पाऊस जेमतेम, रात्रीचं समुद्री धुकं ज्वालामुखीच्या सच्छिद्र मातीत मुरतं, त्यावर वेल तगते. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं पोखरून युरोपातल्या बागा बसवल्या, पण ही माती त्या किडीला मानवली नाही. म्हणून इथल्या वेली आजही कलमाच्या नव्हे, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. मुख्य वाण असिर्टिको : पांढरा, लिंबासारखा आंबट, किंचित खारट. तोडणी ऑगस्टमध्येच होते. नशीब असेल तर गोड विन्सान्तोसाठी उन्हात पसरलेली द्राक्षं दिसतील. दहा-बारा दिवस वाळवून, मग गाळून, ती वाइन पिपात किमान दोन वर्षं मुरवतात. तासगावचा बेदाणा आपण वाळवून खातो, हे लोक वाळवून गाळतात.

दोन गोष्टी आणखी. रिकाम्या हाताने जाऊ नका, गोरसपाक बिस्किटांचा पुडा न्या. विन्सान्तोबरोबर तो यजमानांना आवडेल अशी माझी पैज. पेढे, तूप मात्र नको. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धपदार्थ युरोपात आणू देत नाहीत. बिस्किटं चालतात. आणि निघताना एखादी बाटली मुलाने विकत घ्यावी, ही तिथली रीत आहे. ती त्याच्याच घरी राहू द्या.

टेस्टिंगच्या आधी काय खाऊ नये? — देवळी

खर्रा.

वाइन द्राक्षांची, म्हणजे शाकाहारीच ना? — सेलू

असेलच असं नाही. नवी वाइन गढूळ असते. ती निवळण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरतात. तो गाळासोबत तळाला बसतो आणि काढून टाकला जातो, पण कटाक्ष पाळणाऱ्याला तेवढं पुरेसं नसतं. बेंटोनाइट नावाच्या मातीनेही हेच काम होतं, आणि काही जण काहीच न घालता वाइन नुसती स्थिर ठेवून निवळू देतात. युरोपात अंडं किंवा दूध वापरलं आणि त्याचा अंश उरला, तर लेबलवर लिहावं लागतं. माशाच्या पदार्थाला ती सक्ती नाही. म्हणून लेबलवर विसंबू नका, थेट विचारा : निवळायला काय वापरता? छोट्या वायनरीत उत्तर तिथल्या तिथे मिळतं. मोठ्या ठिकाणी पेले भरणाऱ्या मुलाला बहुधा आत जाऊन विचारावं लागतं.

मी अन् माझे मित्र समृद्धीनं नाशिकला वायनरी पाहायला चाललो. येताना दोन बाटल्या गाडीत टाकल्या तर काहून बिघडते? बिल तर राहते आपल्याजवळ. — पुलगाव

भाऊ, बिलाने बाटली तुमची ठरते, वर्धा जिल्ह्यात आणता येते असं ठरत नाही. इथे दारूबंदी आहे आणि कायद्याच्या लेखी वाइनही दारूच. वाइन म्हणजे शेतमाल, हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. पण जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे वगळलेच होते. विमानाने परदेशातून येताना दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते, तो सीमाशुल्काचा नियम. त्याने जिल्ह्याची हद्द पुसली जात नाही. नागपूरच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं : समृद्धी वर्धा जिल्ह्यातूनच जाते. कुणाकडे परवाना असेल तर त्याचा अर्थ स्वतः लावत बसू नये, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात विचारावं.

तुम्हा सगळ्यांची 21 वर्षं पूर्ण आहेत ना? आणि परतीला स्टिअरिंगवर कोण बसणार, हे पुलगावातूनच ठरवून निघा. शक्यतो त्या दिवशी नाशकातच मुक्काम करा.

मी संत्राउत्पादक. पिण्यात रस नाही, धंद्यात आहे. ग्रीससारख्या घरच्या वायनऱ्या महाराष्ट्रात आहेत का? गेल्यावर काय विचारू? — आर्वी

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं. राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक परिसरात वायनऱ्या उभ्या राहिल्या. पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूमचा पायंडा सुलाने 2005 मध्ये पाडला. आज तिथे रविवारी जत्रा असते, शेतीचं बोलायला कुणाला उसंत नसते. गंगापूर धरणाच्या बाजूची यॉर्क ही गुरनानी कुटुंबाची. 2021 मध्ये तीही सुलाने घेतली. तुमच्या प्रश्नाला सर्वात जवळचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला आहे. फ्रातेल्ली ही वायनरी अकलूजच्या मोहिते-पाटलांसह तीन घराण्यांतल्या भावांनी काढली. त्यातलं एक घराणं इटलीचं.

जायचं ते फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना, आणि आठवड्याच्या मधल्या वारी. आधी फोन करून सांगा की मी शेतकरी आहे. पेल्याकडे जाण्याआधी बागेत न्यायला सांगा आणि छाटणीचं विचारा, कारण खरा फरक तिथे आहे. ग्रीसमध्ये हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपते. वर्षातून एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसती काडी तयार करायची, आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी करून पीक धरायचं. तुम्ही संत्र्याला ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरता, नाशिकचा शेतकरी तो कात्रीने धरतो. त्यामुळे तोडणी थंडी सरताना येते, तर तिकडे ती भर उन्हाळ्यात.

मग पैशाचं विचारा. द्राक्ष स्वतःच्या बागेचं किती, कराराने घेतलेलं किती? करारात भाव वजनावर की गोडीवर? खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा हवा, वाइनच्या द्राक्षात लहान, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणजे थॉमसनसारखं खाण्याचं द्राक्ष पिकवणाऱ्याची वजन वाढवायची सवय इथे उलटी पडते. आणि बाटल्यांच्या विक्रीतून किती येतं, पाहुण्यांच्या जेवणा-मुक्कामातून किती, तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आर्वीच्या संत्राबागेलाही लागू पडेल, आणि त्यासाठी काही गाळावं लागत नाही. लागवडीचे तांत्रिक प्रश्न मात्र पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रासाठी राखून ठेवा. वायनरीवाला आपल्या बागेपुरतं सांगेल.