पाचशे पंचवीस पटींचा मोह

दुर्बिणीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले ‘५२५ पट’ हे शब्द मी शाही फर्मानासारखे शिरसावंद्य मानले आणि तेथूनच माझी फजिती सुरू झाली. भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर, नाभ्यंतर ७००. सोबत २० व ४ मिलिमीटरची दोन नेत्रभिंगे आणि वर्धन तिप्पट करणारे बार्लो भिंग, असा सारा सरंजाम होता.

माघातल्या रात्री, नगरला सावेडीच्या गच्चीवर, ४ मिलिमीटरच्या भिंगामागे बार्लोची जोड देऊन मी गुरूचा शोध आरंभिला. एवढ्या वर्धनात आकाशाचा इतका चिमुकला तुकडा दिसतो, की पृथ्वीच्या गतीने ग्रह अर्ध्या मिनिटाच्या आत त्यातून निसटतो. मला सापडला तो थरथरता, पिवळट डाग. दोष काचेचा मानून, तिच्यावर दव धरले आहे हे ध्यानी न घेता, मी ती उपरण्याने खसाखसा पुसली. ते ओरखडे आजही कायम आहेत.

व्यासाच्या दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे या यंत्राला १२०. त्यापलीकडे प्रकाश तेवढाच राहून चित्र पातळ होते आणि हवेची व तिवईची थरथर मात्र वाढत जाते. म्हणून नवख्याने २० मिलिमीटरच्या, ३५ पटींच्या भिंगानेच प्रारंभ करावा. शोधक दुर्बीण मुख्य नळीशी जुळविण्याची तजवीज दिवसाउजेडी करावी. मी ती चांदबीबीच्या महालावर केली (वास्तविक ती सलाबतखानाची कबर, पण लोकांच्या जिभेवर चांदबीबीच बसली आहे). शोधकात तो महाल डोंगरासह उलटा लटकलेला पाहून प्रथम मी यंत्रच नादुरुस्त ठरविले होते. सूर्याच्या बाजूस मात्र नळी चुकूनही वळवू नये. नेत्रभिंगावर बसवायची काळी काच सोबत मिळाली तर ती तत्काळ फेकून द्यावी, कारण ती उष्णतेने तडकते आणि डोळा कायमचा जातो. चंद्र पाहावा तो अष्टमीच्या सुमारास, कारण तेव्हा प्रकाशाच्या सीमेवरील विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेला तो नुसता चकाकतो. अंधुक तेजोमेघांसाठी अमावास्येला भंडारदऱ्याचा मुक्काम बरा. गुरूला आमची गच्ची पुरते.

पुढे ३५ पटींत गुरू दिसला तो वाटाण्याएवढा, पण रेखीव, आणि त्याच्या दुतर्फा एका ओळीत तीन ठिपके. गॅलिलिओने १६१० साली पाहिलेल्या चौघांपैकी एक ग्रहाआड दडला होता. साडेदहाच्या सुमारास तो कडेशी दिसतो न दिसतो तोच भिंगावर दव धरले. या खेपेस मी उपरण्याला हात लावला नाही. नळीचे तोंड खाली करून खाटेवर स्वस्थ बसून राहिलो.