कंसापुढील ऋणचिन्ह

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, येरळा नदीच्या काठी वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य गाव आहे. हा मुलूख कमी पावसाचा. शेतात वर्षभर राबूनही पदरात काय पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून इकडची पुष्कळ माणसे सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी दूरदूरच्या शहरांत जातात. आणि एखादे मूल अभ्यासात मागे पडू लागले, की त्यालाही चुलत्याच्या हाताखाली पाठवून द्यावे, असे वडिलांना वाटू लागते.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलावर असाच प्रसंग आला होता. मी मुळात मराठीचा शिक्षक. परंतु लहान शाळेत जो विषय वाट्यास येईल तो शिकवावा लागे, आणि त्या वर्षी माझ्याकडे बीजगणित आले होते. एकघाती राशींची वजाबाकी चालू होती. ज्या राशीत क्ष असतो, परंतु क्षचा वर्ग, घन वगैरे काही नसते, ती एकघाती राशी. फळ्यावर मी उदाहरण घातले:

(५क्ष + ७) − (२क्ष − ३)

त्या मुलाने उत्तर लिहिले, ३क्ष + ४. मी ते खोडले. दुसऱ्या दिवशी तशीच चूक, तिसऱ्या दिवशीही तीच. “कंसापुढे ऋणचिन्ह असेल तर कंसातील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते,” हा नियम मी त्याच्याकडून दहादा म्हणवून घेतला. नियम त्याला तोंडपाठ झाला. उत्तर मात्र चुकतच राहिले. सहामाही परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा त्याचे वडील शाळेत येऊन म्हणाले, “गुरुजी, ह्याच्या डोक्यात हिशेब शिरत नाही. दिवाळीनंतर धाडतो त्याला धंद्यावर.”

मुलगा बाजूस उभा होता. तो खाली मान घालून हळूच म्हणाला, “गुरुजी, तीन उणे आहेत. उणे असलेले काढून घेतले तर वाढतील कसे?”

मी म्हणालो, “तसा नियम आहे.” हे बोलताना माझी मलाच लाज वाटली. मुलाने कारण विचारले होते आणि मी त्याला पुन्हा नियमच सांगत होतो. खरे म्हणजे ते कारण मी स्वतःलाही कधी विचारले नव्हते.

त्याच संध्याकाळी शेजारच्या अंगणात कांद्याची मोजदाद चालली होती. सारखी भरलेली पाच पोती एका ओळीत उभी होती आणि बाजूस सात किलो सुटा कांदा पडला होता. एक गिऱ्हाईक आले. त्याला दोन पोत्यांपेक्षा तीन किलो कमी कांदा हवा होता. शेजाऱ्याने दोन पोती पुढे ओढली, एकाचे तोंड सोडले आणि तीन किलो कांदा काढून सुट्या ढिगावर टाकला. गिऱ्हाईक गेले. अंगणात तीन पोती उरली, आणि ढीग सात किलोंचा दहा किलो झाला.

मी पाहतच राहिलो. एका पोत्याचे वजन क्ष किलो धरले, तर फळ्यावरचे उदाहरणच तिथे सुटले होते! दोन पोती पुरती दिली असती, तर ढीग सातच किलोंचा राहिला असता. परंतु द्यायचे होते ते दोन पोत्यांना तीन किलो कमी. म्हणून ते तीन किलो परत आले. उत्तर ३क्ष + १०.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलास बोलावून हे सारे सांगितले आणि म्हणालो, “तुझ्या उत्तराप्रमाणे ढिगात चारच किलो उरतात. मग गिऱ्हाइकाने काय नेले?” तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “दोन पोती आणि वर तीन किलो.” त्याची चूक नेमकी हीच होती. त्याने फक्त २क्षचे चिन्ह बदलले होते, तीनचे नाही. मग आम्ही ताळा पाहिला. पोते ५० किलोंचे मानले, तर अंगणात २५७ किलो कांदा होता. गिऱ्हाइकाने ९७ किलो नेला, १६० उरला. ३क्ष + १० मध्ये क्षच्या जागी ५० घातले, की १६०च येतात. ३क्ष + ४ मध्ये १५४ येतात. चिन्ह तीनचे चुकले, पण फरक सहाचा पडला. जे तीन परत यायचे ते आले नाहीत, आणि आणखी तीन निघून गेले! चिन्हाची चूक अशी दुप्पट अंगावर येते.

पोत्यांतून पोती वजा करावी, किलोंतून किलो. क्ष असलेले पद आणि नुसती संख्या यांची भेसळ करू नये. सजातीय पदे एकाखाली एक मांडली, की हे आपोआप साधते.

येथवर कांद्याने काम भागले. परंतु क्षच्याच मागे ऋणचिन्ह असेल तर? उणी सहा पोती अंगणात कशी दाखवावी? येथे मात्र मराठीचा शिक्षक असल्याचा मला उपयोग झाला. ऋण म्हणजे कर्ज, देणे. ह्या खुणेला हे नाव उगाच मिळालेले नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांनी ‘बीजगणित’ ह्या आपल्या ग्रंथाचा आरंभच धन आणि ऋण यांच्या हिशेबाने केला आहे. अज्ञात राशीला ते ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत; नुसत्या संख्येला ‘रूप’ म्हणत आणि ‘रू’ लिहीत; आणि ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब देत. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापला. त्यासंबंधीचा इ. स. १२०७च्या सुमाराचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. हे आपले कोयनाकाठचे पाटण नव्हे.

त्या ग्रंथात भास्कराचार्य विचारतात, की दोन धन अव्यक्तांतून सहा ऋण अव्यक्ते आणि आठ रूपे वजा केल्यास बाकी काय राहील? अव्यक्त म्हणजे अज्ञात राशी. आपल्या लिपीत:

२क्ष − (−६क्ष + ८)

एका घरात आठ पोती धान्य आहे, पण सहा पोत्यांचे देणे आहे. म्हणजे खरी मालमत्ता दोनच पोत्यांची. सावकाराने ते देणे माफ केले, की ऋण निघून गेले, आणि दोन पोत्यांची आठ पोती झाली. शिवाय आठ किलो धान्य द्यायचे आहे, ते वजा झाले. बाकी ८क्ष − ८.

हे ऐकून तो मुलगा म्हणाला, “म्हणजे कर्ज काढून घेणारा देणाराच की!” वार्षिक परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. पुढे गलाईच्या कामासाठी तो दक्षिणेकडे गेलाच, परंतु दहावी होऊन गेला.

भास्कराचार्यांच्याच ग्रंथात क्ष + १ आणि २क्ष − ८ ह्या दोन राशींचे एक उदाहरण आहे. पहिलीतून दुसरी वजा करा. मग दुसरीतून पहिली वजा करा. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून त्यांच्या चिन्हांकडे पाहा, आणि क्षच्या जागी १० घालून दोहोंचा ताळा घ्या.