बंदीचे ६१ दिवस आणि मदतीचा हिशेब



आपल्या घराघरांत सध्या एक प्रश्न विचारला जातो. पदवी झालेल्या पोराला नोकरी नाही म्हणून कर्नाटक सरकारच्या युवा निधीतून महिन्याला ३,००० रुपये मिळतात. बंदीत बोटीवरून उतरलेल्या बापाला मात्र सरकारकडून सगळे मिळून ३,०००च. हा कुठला हिशेब? प्रश्न रास्त आहे, म्हणून आज जरा सविस्तर बघू. काम थांबलं तर मदत किती दिवस आणि किती मिळावी?

हुबळी-धारवाड समुद्रापासून लांब असलं तरी १ जून उजाडला की त्याचा चटका इथंही बसतो. कारवार-अंकोल्याकडची मासळी कमी होते, आणि किनाऱ्यावर खलाशी म्हणून गेलेली आपली माणसं घरी येतात. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी पूर्वी ४७ दिवसांची होती, केंद्र सरकारने २०१५ साली ती ६१ दिवसांची केली. १ जून ते ३१ जुलै. माशांची वीण वाचावी म्हणून ही बंदी आहे आणि ती हवीच, त्याबद्दल वाद नाही.

आज काय मिळतं?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत पारंपरिक, गरीब मच्छीमाराने स्वतःचे १,५०० रुपये भरायचे, त्यात सरकार ३,००० घालतं. असे ४,५०० रुपये महिना १,५०० प्रमाणे तीन महिन्यांत मिळतात. ६१ दिवसांवर वाटले तर दिवसाला ७४ रुपये. त्यातले सरकारचे ४९, बाकीचे आपल्याच खिशातले. तमिळनाडूतही बंदी ६१ दिवसांचीच, पण तिथं सरकार कुटुंबाला ८,००० देतं. म्हणजे दिवसाला १३१.

दुसरीकडं नियम काय आहेत?

युवा निधी जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा नोकरी लागेपर्यंत मिळतो.

कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्या ईएसआयच्या कामगारासाठी २००५ साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली. तिची मुदत पुढं वाढवत २४ महिने झाली. पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. मदत उतरत जाते.

२००५च्याच रोजगार हमी कायद्यात उलटं होतं. मागून १५ दिवसांत काम दिलं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिस्सा भत्ता, त्यानंतर निदान निम्मा. तिथं मदत चढत जाते.

असं का? कामगाराने दुसरी नोकरी शोधावी, म्हणून त्याची मदत उतरती. मजूर काम करायला तयार असतो, काम देणं सरकारला जमलेलं नसतं, म्हणून तिथं चढती. यावरून आपल्याला दोन प्रश्न मिळतात: काम कोणी थांबवलं? आणि त्या माणसाला दुसरं काम शोधायला वाव आहे का?

आता हे आपल्याला लावून बघू

बंदीत काम सरकारने थांबवलेलं असतं, सगळ्यांच्या भल्यासाठी. दोन महिन्यांसाठी, तेही भर पावसात, कोण कामाला ठेवतो? आणि "जास्त पैसे दिले तर लोक आळशी होतील, घरीच बसतील" ही भीती इथं लागूच पडत नाही. बंदी कधी संपणार ते आधीच ठरलेलं असतं. मदत दुप्पट केली म्हणून ३१ जुलै पुढं जात नाही. १ ऑगस्टला बोट सुटली की खलाशी बोटीवर असतोच.

म्हणून आमचं मत असं, की बंदीची मदत थोडे दिवस पण भरीव असावी. रोजगार हमीचाच नियम लावला, तर कर्नाटकातल्या २०२५-२६च्या ३७० रुपये मजुरीप्रमाणे पहिल्या ३० दिवसांचे २,७७५ आणि पुढच्या ३१ दिवसांचे ५,७३५ होतात. एकूण ८,५१० रुपये. आज मिळतात ३,०००. मागणी फार मोठी नाही, दुसऱ्या मजुराला कायद्याने जे ठरवून दिलं तेवढीच आहे.

तळ्यावर जाळं टाकणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. पाऊस कमी झाला की तळं कधी आटेल आणि परत कधी भरेल, सांगता येत नाही. तिथं ठरावीक दोन-तीन महिने पुरत नाहीत. मत्स्य संपदा योजनेत बंदीबरोबर मंदीचा काळही धरलेला आहे. दुष्काळी वर्षी मुदत वाढवून मिळावी, हे आपण मागायला हवं.

बोटमालकांनो, हे तुमच्याही कामाचं आहे

सरकारची मदत अपुरी पडली की खलाशी उचल मागतो. बंदीत तुमची कमाई बंद, इंजिन आणि जाळ्यांची दुरुस्ती चालू, वर उचल द्यायची. म्हणजे सरकारचा बेकारी भत्ता तुम्हीच देताय. आणि ती उचल फेडण्यात खलाशाचा निम्मा हंगाम जातो. पैसे ऑगस्टनंतर आले तरी तेच, ते घरात न येता कर्जातच जिरतात. म्हणून रक्कम वाढण्याइतकंच ती जूनमध्ये मिळणं महत्त्वाचं आहे.

आपली जबाबदारी

ब्राझीलमध्ये बंदीला सरळ बेकारीच धरतात आणि छोट्या मच्छीमाराला दर महिन्याला देशाच्या किमान वेतनाएवढी रक्कम देतात. पण तिथं मासेमारी न करणाऱ्यांचीही नावं यादीत घुसली आणि सरकारला नियम कडक करावे लागले. त्याचा त्रास खऱ्या मच्छीमारालाही झाला. आपल्याकडं तसं होऊ द्यायचं नसेल तर यादी खरी ठेवणं आपल्याच हातात आहे. नात्यातला आहे, शेजारचा आहे म्हणून जाळ्याला हात न लावणाऱ्याचं नाव घालायचं नाही. आपली यादी स्वच्छ असेल तरच जास्त मागायला तोंड राहील.

तेव्हा आपला १,५०० रुपयांचा वाटा वेळेत भरा. आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का ते बघून घ्या. आणि गेल्या बंदीत तुमच्या घरी किती उचल घ्यावी लागली, ती फिटायला किती महिने लागले, हे खाली लिहा किंवा कार्यालयात येऊन सांगा. नाव जाहीर करणार नाही. मागणीच्या अर्जात आपल्या घरांचा खरा हिशेब जोडायचा आहे.