एसबसचा सिग्नल उलटा असतो

प्रश्न : ड्रोनच्या रिसीव्हरची एसबस वायर यूएसबी-टीटीएल अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली, पण स्क्रीनवर नुसता कचरा येतो. रिसीव्हर गेला का?

उत्तर : रिसीव्हर बहुधा ठणठणीत आहे. एसबसचा सिग्नल नेहमीच्या सिरियलच्या उलटा असतो. एक एनपीएन ट्रान्झिस्टर नि दोन रेझिस्टर लावून तो आधी सुलटा करा. मग 1,00,000 बॉड, 8 बिट, ईव्हन पॅरिटी, 2 स्टॉप बिट. सवयीने 1,15,200 ठेवाल तर गाडी तिथेच अडेल.

फ्रेम 25 बाइटांची, सुरुवात हेक्समधल्या 0एफने. पुढच्या 22 बाइटांत 16 चॅनेल, प्रत्येकी 11 बिट, सलग कोंबलेले : पहिल्या चॅनेलचे खालचे 8 बिट पहिल्या बाइटात, उरलेले 3 दुसऱ्याच्या तळाशी. स्टिक मधोमध असताना 992च्या आसपास आकडा दिसला, की जमलं. प्रयोगाआधी मोटरचे पंखे मात्र काढून ठेवा.