संथ संगणक आणि हार्ड डिस्कची वाहतूक-पद्धती



शाळेतील जुना संगणक ‘चालत नाही’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा पुष्कळदा तो बंद पडलेला नसतो. तो केवळ संथ झालेला असतो. ३५ मिनिटांच्या तासिकेतील आठदहा मिनिटे तो सुरू होण्यातच गेली, तर शेवटच्या बाकावरील मुलाच्या हाती माउस येण्यापूर्वीच घंटा होते. मग त्या यंत्रावर आच्छादन पडते आणि पुढे निर्लेखनाच्या यादीत त्याची नोंद होते. संथपणाची कारणे अनेक असतात; परंतु त्यांपैकी एक कारण असे आहे की, ते दूर करण्यास बहुधा पैसाही लागत नाही. त्याचाच विचार या पाठात करावयाचा आहे.

ज्या संगणकात हार्ड डिस्क रुंद, चपट्या, फितीसारख्या केबलने जोडलेली असते, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची अरुंद केबल असेल, तर ती पुढील पिढीची ‘साटा’ पद्धत होय. तेथे ही कृती सामान्यतः करावी लागत नाही.

१. मूळ कल्पना

हार्ड डिस्कवरील माहिती स्मृतीत, म्हणजे ‘रॅम’मध्ये, आणण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली ‘पीआयओ’. हिच्यात माहितीचा प्रत्येक लहानसा अंश प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावा लागतो. दुसरी ‘डीएमए’. हिच्यात प्रोसेसर केवळ आज्ञा देतो. वाहतूक करणारा स्वतंत्र भाग माहिती थेट स्मृतीत पोहोचवितो आणि काम संपल्याची वर्दी देतो.

पोषण आहाराची पोती शाळेच्या फाटकाशी आली असता मुख्याध्यापक वर्ग सोडून ती एकेक करून स्वतः वाहू लागले, तर वर्ग बंद पडतो. तेच काम मदतनिसास सांगितले, तर पोतीही पोहोचतात आणि वर्गही चालतो. ‘पीआयओ’ व ‘डीएमए’ यांतील भेद हाच होय.

या पद्धतींच्या कमाल वेगमर्यादा दर सेकंदास पुढीलप्रमाणे आहेत:

पीआयओ मोड ४ : सुमारे १६.७ मेगाबाइट
अल्ट्रा डीएमए मोड २ : सुमारे ३३ मेगाबाइट
अल्ट्रा डीएमए मोड ४ : सुमारे ६६ मेगाबाइट
अल्ट्रा डीएमए मोड ५ : १०० मेगाबाइट

या मर्यादा केबलवरील वाहतुकीच्या आहेत. प्रत्यक्ष वेग डिस्कच्या स्वतःच्या शक्तीप्रमाणे कमी भरतो. तथापि प्रोसेसर मोकळा राहणे हाच खरा लाभ असून तो लगेच जाणवतो.

२. डिस्क संथ पद्धतीवर का घसरते?

विंडोज एक्सपीच्या मूळ रचनेत असा नियम आहे की, वाहतुकीत एकूण सहा चुका झाल्या की ती प्रणाली वेग एक पायरी खाली आणते. चुका होतच राहिल्या, तर पायरीपायरीने ‘पीआयओ’पर्यंत उतरते. या चुका लागोपाठच व्हाव्यात असे नाही. दीर्घ काळात विखुरलेल्या चुकाही मोजल्या जातात. एकदा तळाशी गेलेली डिस्क, मूळ दोष नाहीसा झाला तरी, आपण होऊन वर येत नाही.

३. पूर्वतयारी

(अ) प्रथम शाळेच्या महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नये.
(आ) संगणक सुरू होऊन वापरण्याजोगा होण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून तीनदा पाहावे व वहीत लिहावे.
(इ) प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्यातून प्रवेश करावा.

४. कृती

(१) ‘माय कॉम्प्युटर’वर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, तेथून ‘हार्डवेअर’ व ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे.
(२) ‘आयडीई एटीए/एटापी कंट्रोलर्स’ या शीर्षाखाली ‘प्रायमरी आयडीई चॅनेल’ निवडून त्याच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’ पाहाव्यात.
(३) ‘करंट ट्रान्सफर मोड’समोर ‘अल्ट्रा डीएमए’ असे असेल, तर येथे दोष नाही. अन्य कारण शोधावे. ‘पीआयओ मोड’ असे असेल, तर त्यावरील ‘ट्रान्सफर मोड’मध्ये ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ निवडून संगणक पुन्हा सुरू करावा.
(४) तरीही पालट न झाल्यास त्याच चॅनेलवर उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल’ करावे व संगणक पुन्हा सुरू करावा. प्रणाली चॅनेल नव्याने ओळखते आणि चुकांची जुनी मोजणी पुसली जाते.

विंडोज ९८ असल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील ‘डिस्क ड्राइव्ह्ज’खाली आपली डिस्क निवडून ‘सेटिंग्ज’मधील ‘डीएमए’च्या चौकोनात खूण करावी. त्यानंतर संगणक सुरू न झाल्यास ‘सेफ मोड’मध्ये जाऊन ती खूण काढावी. लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्या योग्य पद्धत स्वतःच निवडतात.

५. केबलची तपासणी

अल्ट्रा डीएमए मोड २ च्या पुढील वेगासाठी ८० तारांची केबल लागते. जोडणीच्या पिना ४० च असतात. वाढीव ४० तारा संदेशवाहक तारांच्या मध्ये राहून एका तारेतील संदेशाचा दुसरीस होणारा उपद्रव कमी करतात. जुन्या ४० तारांच्या केबलपेक्षा हिच्या तारा बारीक व दाट दिसतात. केबल सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी. तिचे निळे टोक मदरबोर्डला आणि काळे टोक मुख्य डिस्कला जोडावे. पेटी उघडण्यापूर्वी वीजजोडणी काढावी व पेटीच्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरू द्यावी.

६. पडताळा

पुन्हा तीनदा वेळ मोजून पूर्वीच्या नोंदीशी ताडावे. फरक अंदाजाने सांगू नये, आकड्यांनी दाखवावा.

काही दिवसांत डिस्क पुन्हा ‘पीआयओ’वर उतरली, तर ती सूचना समजावी. अशा वेळी केबल बदलून पाहावी. तरीही तेच घडले, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर डिस्कच निकामी होत आहे असे धरून ती बदलावी. वारंवार वेग वाढवीत राहणे म्हणजे ताप असलेल्या मुलास केवळ दटावून वर्गात बसविणे होय.

७. मर्यादा

या उपायाने जुना संगणक नवा होत नाही. शिवाय विंडोज एक्सपीचा सुरक्षा-आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला आहे. म्हणून असा संगणक इंटरनेटला जोडू नये व विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्यावर ठेवू नये. टंकलेखन, चित्रकला, गणिताचा सराव व संगणकाच्या अंगांची ओळख यांसाठी तो पुष्कळ उपयोगी पडतो.

संथ मुलास मंद ठरविण्यापूर्वी त्याची दृष्टी व श्रवण आपण तपासतो. तोच विवेक निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करताना ठेवावा.

स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील प्रत्येक जुन्या संगणकाची चालू वाहतूक-पद्धती पाहून नोंदवहीत लिहा.
२. १,००० मेगाबाइट माहितीस पीआयओ मोड ४ व अल्ट्रा डीएमए मोड ५ यांच्या कमाल वेगाने किती सेकंद लागतील, हे वरच्या वर्गातील मुलांकडून काढून घ्या. (उत्तर : सुमारे ६० व १०.)
३. कृतीपूर्वीच्या व नंतरच्या वेळांचा स्तंभालेख मुलांकडून काढवून वर्गात लावा.