गृहस्थाचे देवघर आणि काशीहून आणलेले देव

काशीयात्रा पुरी करून परतणाऱ्या गृहस्थाच्या सामानात गंगेचा मुखबंद गडू असतो. त्याबरोबर पितळी अन्नपूर्णा, बाणलिंग, शंख अशा वस्तूही येतात. घरी गंगापूजन होते, मावंदे होते, आणि मग प्रश्न उभा राहतो की, हे सारे देव्हाऱ्यात कोठे बसवावे?

अशा शंकांचा विचार काशीतच पुष्कळ झालेला आहे. पैठणहून तेथे जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांनी इ. स. १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. गृहस्थाला आचाराविषयी निश्चित उत्तर मिळावे, हेच अशा निबंधग्रंथांचे प्रयोजन होय.

परंपरा सांगते की, एका घरात दोन शिवलिंगे, तीन गणपती किंवा दोन शंख पूजेत असू नयेत. घरातील मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंतच असावी, असे मत्स्यपुराणाचे वचन आहे. या मर्यादेचे मर्म ओळखले पाहिजे. मंदिरात पूजेसाठी पुजारी नेमलेला असतो. घरी मात्र गृहस्थाने स्वतःच्या हाताने, दिवसाच्या उद्योगाआधी पूजा करावयाची असते. मूर्ती वाढल्या की स्नान, गंध, फूल, नैवेद्य हे सर्व वाढते. प्रथम घाई होते, पुढे खंड पडतो, आणि एके दिवशी देव फडक्यात बांधून कपाटात जातात. श्रद्धा आटलेली नसते. पूजा ओझे झालेली असते.

पंचायतनाची योजना या दृष्टीने पाहावी. शिवपंचायतनात मध्ये शिव, ईशान्येस विष्णू, आग्नेयेस सूर्य, नैर्ऋत्येस गणपती व वायव्येस देवी असते. नर्मदेचा बाण, गंडकीचा शाळिग्राम, शोण नदीचा तांबडा पाषाण अशी ही लहान रूपे एका ताम्हनात मावतात. बाण व शाळिग्राम यांना प्राणप्रतिष्ठाही लागत नाही, अशी मान्यता आहे.

म्हणून घरी बाणलिंग असल्यास काशीहून आणलेले दुसरे, ज्याच्या घरी ते नाही अशा आप्तास द्यावे अथवा मंदिरात अर्पण करावे. अन्नपूर्णा लेकीच्या किंवा नातीच्या विवाहासाठी राखावी. आपल्याकडे माहेरची अन्नपूर्णा घेऊनच मुलगी सासरी जाते. देव असा दुसऱ्या घरी गेल्याने आपली यात्रा उणी होत नाही. तिचे फळ दोन घरांत नांदते.

जागा अपुरी असेल, तर भिंतीवरील स्वच्छ फळीही देवघरच होय. भगवंतांनी नवव्या अध्यायाच्या २६व्या श्लोकात पान, फूल, फळ आणि पाणी एवढीच सामग्री सांगितली आहे, आणि ती भक्तीने द्यावी, एवढीच अट घातली आहे. तेव्हा देव्हारा मांडताना साधकाने मनाशी एकच विचारावे : आजारपणात, प्रवासाच्या दिवशी, कामाच्या गर्दीतही माझ्याकडून किंवा घरातील कोणाकडून किती देवांची पूजा अखंड होईल? तेवढेच देव मांडावेत, आणि त्यांना एक दिवसही विसरू नये.